सोयर कोणाच्या घरी?

माझ्या भावाची मुलगी माझ्या पोटातून जन्माला आली. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांपुढे बोलले आहे, की मला स्वतःला त्यात आता काही विशेष वाटत नाही. ऐकणाऱ्याचं तसं नसतं. तो आधी माझ्या तोंडाकडे पाहतो, मग पोटाकडे, आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "म्हणजे नेमकं कसं?" मी वीजबिलाच्या काउंटरवर बसणारी बाई. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी त्यांच्यावर. समजावून सांगणं माझ्या स्वभावात नाही. पण अर्धवट ऐकून लोक जे काय काय जुळवतात, त्यापेक्षा मीच एकदा नीट सांगितलेलं बरं.

माझा भाऊ माझ्याहून लहान. तो प्रताप नगरात राहतो आणि आई त्याच्याजवळ असते. त्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण अगदी शेवटाला येऊन बिघडलं. मूल मेलेलंच जन्मलं. रक्त थांबेना, तेव्हा तिचा जीव वाचवायला डॉक्टरांनी तिची पिशवीच काढून टाकली. भावजय दवाखान्यातून घरी आली ती रिकाम्या हातांनी, आणि पुढे कधी आई होण्याची आशाही तिथेच ठेवून आली, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तिने मात्र तसं धरलं नव्हतं. दोनेक वर्षांनी ती नवऱ्याला घेऊन एका डॉक्टरीणबाईंकडे गेली. पिशवी नव्हती, पण अंडाशय जागेवर होते. तिचं बीज आणि माझ्या भावाचं बीज घेऊन प्रयोगशाळेत गर्भ तयार झाले आणि ते गोठवून ठेवले. आता फक्त ते वाढवणारी बाई पाहिजे होती. पैसे देऊन अशी बाई आणणं कायद्याने बंद झालेलं आहे. ती आपखुशीने तयार झालेली पाहिजे, लग्न झालेली पाहिजे, तिचं स्वतःचं मूल पाहिजे, वय पस्तिशीच्या पुढे नको, आणि जन्मात हे तिने एकदाच करायचं.

भाऊ एका रविवारी आमच्याकडे मनीषनगरला आला. चहावर साय धरली तरी कपाकडेच पाहत बसला. मी म्हटलं, "बोल नं गा, काहून मुका झाला?" तो म्हणाला, "ताई, बाई मिळून नाही राहिली." एवढंच. मला पस्तिसावं लागायला थोडाच अवकाश होता, माझी मुलगी दुसरीत होती. त्याने मागितलं नाही आणि मी पण फार विचार केला नाही. म्हटलं, "मी आहे नं."

दवाखान्यात एक समुपदेशक बाई होत्या. त्यांनी मला एकटीला बसवून विचारलं, "तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?" मी म्हटलं, "माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्माला यायचाय." त्या हसल्या आणि त्यांनी तसं लिहून घेतलं. घरी येताना नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसल्या बसल्या मला त्या प्रश्नाचं खरं उत्तर सुचत गेलं. कायद्याला वाटतं की पैसे आले म्हणजे जबरदस्ती आली, आणि नातं आलं म्हणजे खुशी आली. ज्याने हे लिहिलं त्याला बहीणभाऊ नसावेत. परक्या बाईला 'नाही' म्हणता आलं असतं. मी जर त्या रविवारी गप्प बसले असते, तर भावाने चहा पिऊन मुकाट्याने निघून जायचं, आणि मग दर राखीला मी त्याच्या डोळ्यांत काय पाहिलं असतं? मला कोणी ढकललं नव्हतं, हे खरं. पण उभी मी उतारावरच होते.

आईला सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. भावाचं लेकरू बहिणीच्या पोटात, हे तिला ऐकवेचना. मग डॉक्टरीणबाईंनी तिलाही बोलावून समजावलं की यात माझं काहीच नाही. रंग, नाक, केस, आजार, जे काय यायचं ते त्या दोघांकडून येईल. "ताईंचं फक्त घर आणि जेवण," असं त्या म्हणाल्या. त्यांना सोपं करून सांगायचं होतं, कळतं मला. तरी मला राग आला. मी काय मेस चालवते?

सासरी सांगायला आम्ही पारशिवनीकडे गावाला गेलो. सासूबाईंना मी मामी म्हणते, आमच्याकडे तशी रीत आहे. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नवऱ्याने जमेल तसं सगळं सांगितलं. मशीन, गोठवणं, कोर्ट. शेवटी त्यांनी शेंगांवरून नजर न उचलता मला विचारलं, "दुखणं तर तुलेच येईन नं?"

"हो मामी, तेवढं मलाच."

"बरं. मले वाटलं तेही मशिनीतच करून राहिले." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "लेकरू त्यायचं आन् दुखणं हिचं. कसा न्याय हाय गा हा?" एवढं बोलून त्या परत शेंगा सोलायला लागल्या.

ऑफिसात वेगळीच गंमत. साहेबांना रजा मागितली तर ते डोकं खाजवत म्हणाले, "मॅडम, लेकरू तुमचं नाही, मग बाळंतपणाची रजा कशी?" मी म्हटलं, "साहेब, मग पोट इथे टेबलावर काढून ठेवते आणि कामाला बसते." ते बिचारे लाल झाले. रजा मिळाली, पण वर विचारून विचारून.

गर्भ राहिला तसं भावजयीचं येणं सुरू झालं. ती रोज संध्याकाळी डबा घेऊन यायची. गोड पोरगी आहे, पण तिने माझ्या नाकी नऊ आणले. "ताई, पपई नाही नं खाल्ली? ताई, स्कूटर काहून चालवून राहिल्या? ताई, काल तुम्ही ओरडल्या म्हणे कोणावर." अगं, काउंटर आहे माझं, तिथे ओरडल्याशिवाय रांग पुढे सरकत नाही. ती पोटावर हात ठेवून बसायची आणि हळू आवाजात काहीबाही बोलायची. माझ्याशी नाही, आतल्याशी. अशा वेळी मी टीव्हीकडे पाहत राहायचे. दाराच्या आडून दोघांचं बोलणं ऐकल्यासारखं व्हायचं मला, आणि दार माझंच होतं.

पाचवा लागायच्या आधी एका रक्ततपासणीत शंका निघाली. मुलात काही दोष असू शकतो, नक्की कळायला पोटात सुई घालून पाणी काढावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भाऊ आणि भावजय एकमेकांकडे पाहून लगेच "करा" म्हणाले. मी विचारलं, "आणि दोष निघाला तर?" डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, की पुढचं काही करायचं तर ते ताईंच्या लेखी संमतीशिवाय होत नाही. मूल या दोघांचं, पण शरीर ताईंचं.

भावजयीने तेव्हा माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरत नाही. तिच्या घराची किल्ली माझ्या कमरेला आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. मला पण तेव्हाच कळलं. ती म्हणाली असती "पाडा" आणि मी म्हटलं असतं "नाही", तर? किंवा उलटं? तिला कसंही लेकरू चाललं असतं, आणि मला ते पोटात वागवणं झेपलं नसतं, तर? एका लेकरावर दोन बायांचा हक्क असा आडवातिडवा पडतो, तेव्हा न्याय करणाऱ्यालाही घाम फुटेल. आमचं नशीब, तपासणी स्वच्छ निघाली. पेढे वाटले गेले. पण त्या दिवसापासून भावजय माझ्याशी जपून बोलायला लागली. मला तिचं आधीचं डोकं खाणंच बरं वाटायचं.

भादव्यात, गणपती बसायला दोनच दिवस असताना, सिझेरियन करून मुलगी झाली. कोर्टाचा हुकूम आधीच झालेला होता, जन्माच्या दाखल्यावर आईबाप म्हणून त्या दोघांचीच नावं लागणार होती. मुलगी रडली आणि नर्सने तिला सरळ भावजयीच्या हातात दिलं. मी पडद्याच्या अलीकडून फक्त आवाज ऐकला. तो आवाज ऐकून मी इतकी खूश झाले, की टाके पडत असताना भुलीच्या डॉक्टरांना म्हटलं, "आवाज तर माझ्यावर गेलाय." ते हसले. भावजय हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या खाटेशी आली. खाली पाहत म्हणाली, "ताई, एक म्हणू? थोडे दिवस तिला तुम्ही हातात नका घेऊ. तिला माझी सवय लागू द्या. मग तुमचीच हाय ती." मी म्हटलं, "हो वं, त्यात काय." बोलले खरी, पण तिसऱ्या दिवशी दूध भरून आलं. शरीराला कोर्टाचा हुकूम कोण वाचून दाखवणार? ब्लाउज ओले होत होते, छाती ठणकत होती, आणि बाजूच्या खोलीत मुलगी बाटलीसाठी रडत होती. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून पहिलं चीक दूध काढून वाटीत दिलं, ते भावजयीने चमच्याने पाजलं. त्यानंतर दूध आटायची गोळी सुरू झाली. मी तोंडावर चादर ओढून रडायचे आणि कोणी आलं की टाके दुखतात म्हणायचे.

घरी आले तर मामी आधीच येऊन बसलेल्या. डिंक, खोबरं, शेकाची शेगडी, सगळं गाठोडं बांधून एसटीने आल्या होत्या. माझी खाट आतल्या खोलीत घातली, खिडकी लावून घेतली, आणि गावाला सासऱ्यांना फोन लावला. मी ऐकत होते. "औंदा महालक्ष्म्या बसवाच्या नाही. घरी सोयर हाय."

आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. सासरच्या घरी त्या दर वर्षी मोठ्या थाटात बसतात. सोळा भाज्या, आंबील, पुरण, आणि अर्धी गल्ली जेवायला. घरी मूल जन्मलं की सोयर लागतं, दहा दिवस देवधर्म बंद. त्यामुळे मामींचा तो फोन म्हणजे गावात दवंडी पिटल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याला गावाकडून फोन. "काय गा, सांगतलं नाही! पोरगा का पोरगी?" तो बिचारा किती जणांना कोर्ट आणि प्रयोगशाळा समजावणार? "पोरगी, पोरगी," म्हणून फोन ठेवायचा.

भावजयीचं माहेर त्याच भागातलं. तिची एक आत्या दर वर्षी आमच्या महालक्ष्म्यांना जेवायला येणारी. तिने भावजयीला विचारलं असणार. संध्याकाळी मला भावजयीचा फोन आला.

"ताई, तुमच्या घरी सोयर काहून?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? सोयर ज्या घरचं लेकरू त्या घराले लागते. आमच्या घरी आईंनी पाळलं नं. मग तुमच्याकडे काहून? कोर्टाने सांगितलं ती माझी हाय. तुमच्या सासूने गावाले सांगितलं की ती तुमची हाय. लोक कोर्टात विचाराले जातात का ताई?"

मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. थोड्या वेळाने भावाचा आला. तो अडखळत अडखळत म्हणाला, की बारशाला मी नाही आले तरी चालेल, तब्येत बरी नाही म्हणून सांगू. पाळण्यात नाव ठेवायला चुलतबहिणीला बसवतील.

नाव ठेवण्याचा मान आत्याचा. सख्खी आत्या मी एकटीच. आता तीही नाही. म्हणजे आई मी नव्हतेच, आणि माझं जे होतं तेही गेलं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की टाक्यांची पर्वा न करता मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन मामींवर बरसले. म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं सोयर पाळायला? मुलगी त्यांची आहे, आपलं काय सोयर? आत्ताच्या आत्ता फोन करा गावाला, सांगा की सोयर नाही, चुकून झालं."

मामी अळिवाची खीर ढवळत होत्या. त्यांनी गॅस बारीक केला.

"नाही सांगत जाय," त्या म्हणाल्या.

"काहून नाही?"

"पोरगी तिची हाय. मी कुठी नाही म्हणून राहिली? कागदावर तिचं नाव टाकलं, चांगलं झालं. पण टाके कोणाच्या पोटाले हायेत? सोयर का कागदाले लागते वं? बाळंतपण जिच्या देहाचं झालं तिले लागते." मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "मी म्हटलं असतं का सोयर नाही, तं मंग महालक्ष्म्या बसवा लागल्या असत्या. तू मोठी सून. लोकायनं म्हटलं असतं, हिले लेकरू तं झालं नाही, मंग हे झोपून काहून राहिली? दवाखान्यातून आल्याबरोबर तुले पुरण वाटाले बसवलं असतं. मी एकटी कोणाकोणाचं तोंड धरू? सोयर म्हटलं का कोणी काही बोलत नाही. बाईले दहा दिवस हात लावाची सोय नाही."

मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. इतक्या महिन्यांत माझ्याविषयी किती जणांनी किती विचार केला होता. वकिलांनी, डॉक्टरांनी, मेडिकल बोर्डाने, साहेबांनी. विमासुद्धा काढला होता माझा. मूल कोणाचं, हे सगळ्यांनी नीट ठरवलं होतं. पण मूल त्यांना दिल्यावर मी कोण, हे कोणी ठरवलं नव्हतं. मी बाळंतीण होते. पाळणा नसलेली, पण बाळंतीणच. ते एका सोयराच्या निमित्ताने या बाईने गावभर सांगून टाकलं होतं, त्यासाठी घरच्या देव्या बसवल्या नव्हत्या. मी रडले. चादर न ओढता, मोठ्याने रडले. मामी म्हणाल्या, "रड. पण बसून रड, उभ्यानं नाही."

मग मी भावाला फोन लावला. म्हटलं, "तिला घेऊन ये. भांडायचंच असेल तर समोर येऊन भांडू दे. फोनवर मला भांडता येत नाही."

ते दुसऱ्या दिवशी दुपारी आले. भावजय मुलीला छातीशी घट्ट धरून माझ्या खाटेसमोरच्या खुर्चीच्या कडेवर बसली, कधीही उठून जाता येईल अशी. दुपट्यातून मुलीची फक्त टाळू दिसत होती. मी पाहायचं नाही असं ठरवूनही पाहत होते. भाऊ दारातच उभा. पाणी कोणी घेतलं नाही.

मामींनी खाली बसून तिला सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. पुरण, सोळा भाज्या, टाके. शेवटी म्हणाल्या, "तुह्या पोरीवर माहा काही हक्क नाही, पोरी. मी तं हिच्या अंगासाठी सोयर धरलं."

मला वाटलं, आता ही निवळेल. पण तिचा चेहरा आणखीच आवळला. बराच वेळ ती मुलीच्या टाळूकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मग मी कोण होती?"

"माझं पहिलं गेलं तेव्हा," ती म्हणाली. "त्या आठवड्यात आमच्या घराची वास्तुशांती होती. आमंत्रणं गेली होती. कोणीतरी म्हटलं, मूल रडलं नाही तर सोयर लागत नाही, आणि आईंनी तेच धरलं. पूजा झाली. माझ्या जागी पाटावर सुपारी ठेवली. मी मागच्या खोलीत होती, टाके ओले होते, छाती फडक्याने बांधली होती दूध येऊ नये म्हणून. बाहेर पंगती उठत होत्या. एक बाई आत डोकावली, म्हणाली, हिले काय झालं? आणि आई म्हणाल्या, काही नाही, जरा ताप हाय." ती थांबली. मुलीला तिने जरा वर घेतलं. "ताईंना दहा दिवस देता तुम्ही, द्या. मी का नाही म्हणते? पण मले तर ताप होता म्हणे."

भाऊ दाराच्या चौकटीला टेकला. तो तेव्हा त्या सुपारीशेजारी बसला होता. त्या पंगतीत मीही जेवले होते. भावजयीची खोली कुठली, हेसुद्धा मी त्या दिवशी विचारलं नव्हतं.

मामी गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "लेकरू नाही रडलं म्हणून का दुखणं कमी येते? कोणी सांगतलं तुमाले असं?" उत्तराची वाट न पाहता त्या स्वयंपाकघरात गेल्या. तेल तापायचा वास आला. वाटी घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या खाटेशेजारी घातलेल्या आपल्या अंथरुणाकडे बोट दाखवून भावजयीला म्हणाल्या, "ऊठ. पालथी झोप तिथं. पाठ दे."

"मामी, आता काय. तीन वर्षं झाली."

"मंग? पाठ तं हायेच नं."

भावजयीला हसू आलं. हसता हसताच तिचा बांध फुटला. ती उठली तेव्हा भावाने मुलीला घ्यायला हात पुढे केले. ती त्याच्याजवळून तशीच पुढे गेली. माझ्या खाटेपाशी आली, वाकली, आणि मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं. "मान धरा ताई," म्हणाली. "अजून धरत नाही ती."

मी मान धरली. इतके महिने पोटात वागवलं, पण वजन मला त्या दिवशी कळलं. बाजूला मामी तिची पाठ चोळत होत्या, खांद्यापासून खाली, जोर लावून. ती उशीत तोंड घालून हुंदके देत होती आणि मामी एकच म्हणत होत्या, "निघू दे. निघू दे." मुलीचं नाक भावजयीवर गेलं होतं, कपाळ आमच्या बाबांचं. माझं काही नव्हतं तिच्यात, डॉक्टरीणबाई बरोबर बोलल्या होत्या. आणि तरी ती माझ्या अंगाच्या वासाने वळली, तोंड उघडून शोधायला लागली. गोळ्या घेऊनही माझा ब्लाउज भिजला. एक क्षण असा होता, की तिने शोधावं आणि तिला सापडावं, एवढंच मला पाहिजे होतं. कोर्ट, कायदा, भाऊ, सगळं गेलं खड्ड्यात.

मी तिचं तोंड हळूच बाहेरच्या बाजूला वळवलं आणि म्हटलं, "ऊठ वं. तुझी लेक भुकेली झाली."

भावजय तशीच उठली. पाठ उघडी, केस तेलाने चिकटलेले. भावाच्या पिशवीतून बाटली घेतली, आणि खुर्चीकडे न जाता माझ्याच खाटेवर, माझ्या खांद्याला खांदा लावून बसली. मुलगी चुटूचुटू प्यायला लागली. आम्ही दोघी खाली पाहत होतो.

मामी तेलाचे हात पुसत दारात उभ्या माझ्या भावाला म्हणाल्या, "तिथं काय उभा हायेस गा? लाव तो दरवाजा. दोन बाळंतिणी हायेत आत, वारं लागन."